घरच्या यंत्राचे उपरी

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाने ये-जा करणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांना उर्से हे गाव टोलनाक्यापुरतेच ठाऊक असते. पूर्वी पैसे देण्यासाठी गाडीची काच तरी खाली करावी लागे; फास्टॅग आल्यापासून तीही होत नाही, आणि गाव मागे पडते. वास्तविक तळेगाव दाभाड्याच्या पलीकडे, पवनेच्या खोऱ्यात वसलेल्या या गावात मावळाच्या गेल्या तीन-चार दशकांतील स्थित्यंतर जितके उघडपणे पाहावयास मिळते तितके ते क्वचितच अन्यत्र मिळेल. एका अंगाला भाताची खाचरे, दुसऱ्या अंगाला केबलचे आणि इतर कारखाने, आणि गावाच्या शिवारातून गेलेला, २००२ साली पूर्णपणे खुला झालेला तो सहापदरी रस्ता. शेतावर जगणारे गाव पगारावर जगू लागले, आणि पगाराच्या मागोमाग जी यंत्रे ओसरीवरून माजघरापर्यंत येऊन पोहोचली त्यांत संगणकही होता.

तो आला तो बहुधा मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला, शासकीय नोकरीच्या अर्जास त्याचा दाखला जोडण्याची वहिवाट पडली, आणि ज्या घरात संगणक नाही त्या घरातील मुलाचे पुढे कसे व्हायचे, अशी चिंता गावोगावच्या पालकांना एकाएकी लागून राहिली. पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन, ओळखीच्या एखाद्या जाणत्या मुलाकडून सुटे भाग निवडून घेऊन, 'असेंबल' केलेला संगणक लोकलने बेगडेवाडी किंवा तळेगाव स्थानकावर उतरवायचा, घरी आणून हळदकुंकू वाहायचे, धूळ बसू नये म्हणून त्यावर भरतकामाचे आच्छादन घालायचे, असा तो समारंभ असे. आणि दसऱ्याच्या दिवशी झेंडूची माळ त्याच्यावरही चढे, ती विळे-कोयते आणि मोटारसायकल यांच्या पंक्तीस बसवून. त्या यंत्रावर विंडोज एक्सपी ही प्रणाली असे. ती कोणत्या हक्काने असे, याची चौकशी करण्याचा मात्र त्या काळी प्रघात नव्हता, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

पुढे यंत्रे बदलली, आणि एक्सपी जाऊन सातवी, सातवी जाऊन दहावी अशा आवृत्त्या आल्या. या बदलांची तऱ्हाच दरम्यान बदलत गेली होती, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. एक्सपी तबकडीच्या रूपाने दुकानातून येई, आणि ती यंत्रात घालायची की कपाटात ठेवायची हे घरचा धनी ठरवी. दहावीच्या वेळी पाहुणा अगोदर आत येऊन बसला आणि मग त्याने येऊ का म्हणून विचारले. या दहाव्या आवृत्तीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्या वर्षीच्या वसुबारसेच्या तीन दिवस आधीच्या मंगळवारी, संपली. घरोघर करंज्या आणि चकल्यांची भांडी वर-खाली होत असताना कोट्यवधी यंत्रांचे संरक्षण हजारो मैलांवरून काढून घेतले गेले, आणि ज्यांच्या घरातून ते काढून घेतले गेले त्यांपैकी बहुतेकांना त्याची वार्ताही नव्हती.

जुन्या मराठी मुलखात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग होते. ज्याचा हक्क वंशपरंपरेने चालत आलेला असे आणि सारा भरीत आहे तोवर ज्यास सहसा कोणी उठवू शकत नसे, तो मिरासदार. आणि जो कौलाने, मुदतीपुरती जमीन करी, ज्याचे गावात राहणे दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असे, तो उपरी. घरच्या संगणकाचा धनी स्वतःस मिरासदार समजतो. पेटी त्याची, पडदा त्याचा, विजेचे बिल त्याच्या नावावर. परंतु ज्या कार्यप्रणालीवाचून ती पेटी म्हणजे निव्वळ पत्रा आणि तांबे, ती त्याने विकत घेतलेलीच नसते. ज्या करारपत्राच्या तळाशी असलेले संमतीचे बटण त्याने न वाचता दाबलेले असते, त्यात ही प्रणाली विकलेली नसून केवळ वापरण्याचा परवाना दिलेला आहे असे कलम आहे. आणि विंडोज १० च्या करारपत्रात त्याच्या भरीस असेही कलम आहे की नव्या सुधारणा वेगळी सूचना न देता आपोआप उतरवून घेण्यास वापरणाऱ्याची संमती आहे. मुंबई राज्याच्या कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. संगणकाच्या प्रांतात तसा कृषक दिन अद्याप उगवलेला नाही.

जमिनीचा हा दाखला उर्श्याच्या संदर्भात मी हेतुतः घेतला आहे, कारण सक्ती म्हणजे काय हे मावळातील गावांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. रेल्वे, धरण, कारखाने, द्रुतगती मार्ग, प्रत्येकासाठी या मुलखातील जमिनी गेल्या. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यावर परकीय सत्तेची मोहोर होती, आणि स्वराज्यातही त्याची बजावणी कित्येकदा निष्ठुरपणे झाली. तथापि त्या कायद्यातही सार्वजनिक प्रयोजन नमूद करावे लागे. गावात जाहीर नोटीस द्यावी लागे. १९२३ साली त्यात घातलेल्या कलम ५ अ प्रमाणे तीस दिवसांत हरकत घेता येई. जिल्हाधिकाऱ्यापुढे म्हणणे मांडता येई. अखेरीस निवाडा होऊन मोबदला मिळे, आणि तो अपुरा वाटल्यास दिवाणी न्यायालयात दाद मागता येई. हरकत बहुधा फेटाळली जाई हे खरे, पण ती ऐकून घेऊन फेटाळावी लागे. संगणकावरील सक्तीत यांपैकी एकही पायरी नाही. माझा आक्षेप सुधारणेला नाही, या पायऱ्या गाळण्याला आहे.

पायऱ्या गाळण्याचा सर्वांत उघडा प्रयोग २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत झाला. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१५ मध्ये असे जाहीर केले होते की दोन-तीन वर्षांच्या आत शंभर कोटी यंत्रांवर विंडोज १० पोहोचेल. ती २९ जुलै रोजी प्रसिद्ध झाली, आणि सातवी किंवा आठवी आवृत्ती वापरणाऱ्यांस ती वर्षभर विनामूल्य मिळेल, अशी दवंडी पिटली गेली. तत्पूर्वीच पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, एक लहानसे पांढरे चिन्ह येऊन बसले होते. ते घालवावे तर पुन्हा उगवे. दान देणाऱ्यास घेणाऱ्यापेक्षा अधिक घाई असली म्हणजे दानाविषयी शंका घ्यावी, हा आपल्याकडचा जुना शहाणपणा. परंतु त्या वेळी फुकट या शब्दाने सर्वांनाच भुरळ घातली होती. लवकरच असे उघडकीस आले की ज्यांनी ही भेट मागितलीही नव्हती त्यांच्या यंत्रांतही नव्या आवृत्तीच्या धारिका, सहा जीबीपर्यंतच्या, एका लपविलेल्या फोल्डरात आधीच उतरवून ठेवल्या जात होत्या. अमेरिकेतील वापरणाऱ्यास ही गोष्ट केवळ उद्धटपणाची वाटली असेल. आपल्याकडे मात्र जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आले. त्याआधी मोबाईलवरील एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. डोंगल लावून, महिन्याचा पॅक पुरवून पुरवून वापरणाऱ्या घराला सहा जीबीचा हा अनाहूत पाहुणा केवढ्याला पडला असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा.

२०१६ च्या मे महिन्यात तर मर्यादा ओलांडली गेली. नव्या आवृत्तीची वेळ निश्चित केल्याची सूचना देणारी जी चौकट पडद्यावर येई, तिच्या कोपऱ्यातील फुली दाबली म्हणजे ती चौकट बंद होई. पण फुली दाबणे म्हणजे नकार नव्हे तर ठरविलेल्या वेळेस मान्यता, असा तिचा अर्थ लावला जाऊ लागला. गेली वीस वर्षे संगणकाने ज्या खुणेचा अर्थ 'नको' असा शिकविला होता, त्याच खुणेचा अर्थ एका रात्रीत 'चालेल' असा करण्यात आला. कॅलिफोर्नियातील सॉसालिटो येथे प्रवासाची एजन्सी चालविणाऱ्या टेरी गोल्डस्टीन या बाईंनी, आपल्या कामाच्या यंत्रावर संमतीवाचून नवी आवृत्ती बसविण्याचा प्रयत्न होऊन ते निकामी झाले म्हणून, लहान दाव्यांच्या न्यायालयात फिर्याद लावली आणि दहा हजार डॉलर मिळविले. कंपनीने अपील मागे घेतले. मग स्पष्ट नकाराचे बटण देण्यात आले, तेही फुकटाची मुदत संपण्यास महिना उरला असता. कंपनीचे विपणनप्रमुख ख्रिस कपोसेला यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस, आम्ही त्या वेळी मर्यादेबाहेर गेलो, अशी कबुली दिली. शंभर कोटींचा आकडा प्रत्यक्षात मार्च २०२० मध्ये गाठला गेला.

आवृत्ती एकदा बसली म्हणजे सक्ती संपत नाही; मग तिचे हप्ते सुरू होतात. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी सुधारणा प्रसृत होतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराच्या सुमारास. बुधवारी त्या यंत्रात उतरतात. आणि गुरुवार हा पुणे-पिंपरीपासून तळेगावापर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टीचा वार असल्यामुळे विजेच्या दुरुस्तीचाही वार. या तीन वारांचा योग जुळला म्हणजे घरात जे घडते ते पाहण्यासारखे असते. कॉलेजच्या प्रकल्पाचा मजकूर पूर्ण करण्यासाठी सकाळी नऊ वाजता मुलगी यंत्र सुरू करते, आणि पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीवर ठिपक्यांचे चक्र फिरू लागते: काम चालू आहे, तीस टक्के, संगणक बंद करू नका. आजी स्वयंपाकघरातून बजावते, "अगं, दहाला लाईट जायचीय, आवर लवकर." मुलगी कपाळाला हात लावते. "आजी, माझ्या हातात आहे का ते? त्याचं त्याचं चाललंय." घरातल्या इन्व्हर्टरवर दोन पंखे, दोन दिवे आणि टीव्ही, संगणक त्यावर कोणी जोडलेला नसतो. तीसचे एकतीस होतात, बराच वेळ एकतीसच राहतात, एकदम सत्तेचाळीस होतात, आणि लाईट जाते. संध्याकाळी ती आल्यावर यंत्र तेवढाच वेळ घेऊन केलेले काम उलट फिरविते, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा आरंभिते. सक्रिय वेळ ठरवून देण्याची सोय २०१६ मध्ये मिळाली. घरगुती आवृत्तीस सुधारणा काही दिवस तहकूब करण्याचा हक्क मात्र मे २०१९ पर्यंत नव्हता, जो महागड्या आवृत्तीच्या धन्यास आधीपासून होता. परवान्यातही मानाचे आणि साधे असा भेद आहे.

एवढे ऐकल्यावर कोणासही वाटेल की या सुधारणा कायमच्या बंद करून टाकाव्यात, आणि बंद करून देणारे तज्ज्ञ प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. त्यांचा सल्ला ऐकण्यापूर्वी २०१७ हे साल आठवावे. त्या वर्षी १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्टने एका छिद्रावरील ठिगळ प्रसृत केले. ज्यांनी ते लावले नव्हते त्यांच्या यंत्रांवर १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने झडप घातली. इंग्लंडातील रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या, आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीही कंपनीस घाईघाईने ठिगळ काढावे लागले. महिन्या-दीड महिन्यानंतर, २७ जून रोजी, नॉटपेट्या आला, आणि तो आपल्या उंबऱ्यापर्यंत आला. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे कारभार त्याने बंद पाडले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाचे टर्मिनलही त्यात बंद पडले. उर्से टोलनाक्यावरून रात्रंदिवस घाटाकडे जाणारे कंटेनर ज्या बंदराच्या दिशेने जातात तेच हे बंदर. म्हणजे दूर युक्रेनात कोणा एकाच्या संगणकात शिरलेल्या किड्याने मावळातून निघालेल्या मालाची वाट अडविली. यातील खरी मेख पुढेच आहे. नॉटपेट्या युक्रेनात पसरला तो हिशेबाच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून. जे औषध म्हणून आपोआप उतरले त्यातच विष कालविलेले होते.

तेव्हा सुधारणा घ्यावी तरी संकट, न घ्यावी तरी संकट. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना फर्मावले की एक्सपीवर चालणारी एटीएम यंत्रे टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत नव्या प्रणालीवर न्यावीत. हे फर्मान निघेपर्यंत एक्सपीचा आधार संपून चार वर्षे उलटली होती, आणि लोकांचा पैसा त्या यंत्रांत होता. तो हुकूम योग्यच होता. पण २०१८ च्याच ऑक्टोबरात विंडोज १० ची एक मोठी सुधारणा प्रसृत होताच काही लोकांच्या घरच्या कागदपत्रांचे आणि छायाचित्रांचे फोल्डर तिने पुसून टाकले, आणि चार दिवसांत ती मागे घ्यावी लागली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संरक्षण-सॉफ्टवेअरच्या एका सदोष सुधारणेने सुमारे पंचाऐंशी लाख यंत्रे निळ्या पडद्यावर आणून उभी केली, आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. लहान सुधारणा नियमितपणे घ्यावी, मोठी आवृत्ती महिना-दोन महिने इतरांच्या यंत्रावर मुरू द्यावी, आणि दोन्हींपूर्वी आपल्या दप्तराची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून सोडवून ठेवावी, याहून शहाणा मार्ग मला तरी दिसत नाही.

हे सारे सामान्य गृहस्थांचे झाले. मराठी माणसाच्या घरात आणखी एक संगणक असतो, ज्याच्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही, आणि जो नसता तर दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडलेच नसते. तो डीटीपी करणाऱ्याचा. मावळातील लग्नपत्रिका, हरिनाम सप्ताहाची पत्रके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, निवडणुकीचे जाहीरनामे आणि दशक्रियेच्या सूचना ही सगळी अक्षरे घरातील एका खोलीत, जुन्या यंत्रावर, पेजमेकर या सॉफ्टवेअरात जुळविली जातात. पेजमेकर जन्मले १९८५ साली. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. कंपनीने ते केव्हाच अडगळीत टाकले, परंतु मराठी छपाईने टाकले नाही, याचे कारण केवळ आळस नव्हे. त्या काळी मराठी अक्षरे संगणकावर उमटविण्याची जी साधने तयार झाली, श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम इत्यादी, त्यांनी प्रत्येकी आपली संकेतपद्धती वापरून शेकडो सुबक वळणे घडविली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसविण्याची ती युक्ती होती. ती त्या सॉफ्टवेअरात उत्तम चाले, आणि वीस वर्षांचे काम तिच्यात साठले.

त्या साधनांसोबत एक 'लॉक' येई. सुरुवातीस ते प्रिंटरच्या रुंद पोर्टात स्क्रूने आवळायचे, काडेपेटीएवढे, नंतर यूएसबीचे. ते जोडलेले असेल तरच फाँट चालत. या लॉकशी बोलणारे छोटे सॉफ्टवेअर बत्तीस बिटांच्या प्रणालीसाठी लिहिलेले असे. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये बत्तीस बिटांचे असे ड्रायव्हर चढत नाहीत, आणि सोळा बिटांचे जुने कार्यक्रम तर मुळीच चालत नाहीत. दहाव्या आवृत्तीपर्यंत बत्तीस बिटांची शाखा जिवंत होती. अकरावीची तशी शाखाच नाही. घरगुती वापरणाऱ्याला सक्तीच्या आवृत्तीने मनस्ताप होतो, डीटीपीवाल्याचा मात्र हातच तुटतो: धारिका जागेवर असते, उघडते देखील, पण 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन चिवडा दिसतो. मथळ्याखाली वधूवरांची नावे आहेत की पतसंस्थेचा ताळेबंद, हे ओळखण्यास जुना छापील कागदच शोधावा लागतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला तेव्हा तो शिशाच्या खिळ्यांनी जुळविला गेला. ते खिळे छापखान्याचे होते. झिजले की वितळवून पुन्हा ओतत, पण ज्या ओतशाळेने ते ओतले तिने दहा वर्षांनी येऊन हे खिळे आता चालणार नाहीत असे सांगितल्याचे ऐकिवात नाही.

यात न्यायाची दुसरी बाजूही आहे, आणि ती विसरणे कृतघ्नपणाचे होईल. ज्या युनिकोडमुळे आज उर्श्यातील आजी आपल्या नातवाला मोबाईलवर देवनागरीत निरोप पाठवू शकते, ते घराघरांत पोहोचले नव्या आवृत्त्यांमुळेच. विंडोज २००० पासून देवनागरी प्रणालीच्या अंगी आली, आणि तिच्यासोबत 'मंगल' हा फाँट आला, जो र. कृ. जोशी या आपल्या थोर अक्षरकाराने रेखलेला आहे. तो छपाईला सुंदर दिसत नाही अशी कुरकूर डीटीपीवाले अजून करतात, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. पण त्या फाँटने शासनाच्या दप्तरापासून शाळेच्या निकालापर्यंत मराठी अक्षर कोणत्याही लॉकवाचून दाखविले. माझे म्हणणे इतकेच की नव्या घरी जाण्यास अडचण नसावी, पण जुन्या घरातील सामान हलविण्यास मुदत मिळावी.

अकराव्या आवृत्तीने सक्तीचे रूप पालटले आहे. पूर्वी आवृत्ती नको असता गळ्यात पडत असे. आता ती हवी असता दारातून परत जाते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीस टीपीएम २.० ही संरक्षक चीप लागते, आणि इंटेलच्या साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ पूर्वी घेतलेले, अद्याप उत्तम चालणारे यंत्र अपात्र ठरते. २०१५ साली कंपनीच्याच एका तंत्रप्रचारकाने विंडोज १० ही शेवटची आवृत्ती असे जाहीर व्याख्यानात सांगितले होते, ते त्या वेळी घेतलेल्या यंत्रांच्या धन्यांनी कोणत्या न्यायालयात दाखवावे? कॅनालिस या संस्थेने असा अंदाज वर्तविला होता की या मुदतीमुळे सुमारे चोवीस कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील. घरगुती वापरणाऱ्यांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एका वर्षाची वाढ जाहीर झाली, ती तीस डॉलर भरून, किंवा कंपनीच्या बक्षिसांचे एक हजार गुण देऊन, किंवा आपल्या यंत्राची मांडणी कंपनीच्या मेघसाठ्यात ठेवण्याच्या बदल्यात. युरोपीय देशांतील ग्राहक संघटनांनी मात्र हरकत घेतली, आणि तेथील लोकांना पैसे न भरता आणि ही मांडणी सुपूर्द न करता तीच वाढ मिळाली. हरकत घेण्याचे कलम असले की काय होते याचा हा ताजा दाखला होय.

आपल्याकडे तसे कलम अगदीच नाही असे नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतील तेरा प्रकारांत सक्तीची कृती, वारंवार सतावणे, फसवी मांडणी आणि गोंधळात टाकणारा प्रश्न हे चारही आहेत. २०१६ ची ती फुली या यादीतील किमान दोन सदरांत सहज बसली असती. तत्त्वे खरेदी-विक्रीचे मंच डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली दिसतात. पण घरात येऊन बसलेली कार्यप्रणाली हाही आता एक विक्रेताच आहे, जो आपल्याच मेघसाठ्याच्या जाहिराती सूचनेच्या चौकटीतून दाखवितो, असे मांडण्यास कोणा वकिलास हरकत नसावी.

राहता राहिला स्वदेशीचा मार्ग. तळेगावास १९०८ साली लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, त्या परिसरात परक्या परवान्याची चर्चा करताना तो आठवणे साहजिक आहे. पुण्यातच १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने परम हा महासंगणक घडविला. तिच्याच चेन्नईच्या शाखेने लिनक्सच्या आधारे २००७ साली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली तयार केली, आणि २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारलेली 'माया' आपल्या यंत्रांसाठी घेतली. घरच्या जुन्या यंत्रासाठी मिंट किंवा उबुंटू यांसारखी लिनक्सची आवृत्ती घालावी हा सल्ला खरोखर मोलाचा आहे: ती विनामूल्य आहे, आठ-दहा वर्षांच्या यंत्रावर हलकी चालते, मोठी आवृत्ती विचारून घेते, इनस्क्रिप्टचा मराठी कळफलक तिच्यात पहिल्या दिवसापासून असतो. मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, चित्रपट, बँकेचे काम एवढ्यासाठी ती पुरून उरते. परंतु दुकानाचा टॅली तिच्यावर सरळ चालत नाही, जुना स्कॅनर रुसतो, डिजिटल सहीचे टोकन ओळखले जाईल याची शाश्वती नाही, आणि पेजमेकर व लॉक यांचे तर नावच काढू नये. पैसा फंडाची काच घेणाऱ्यास दिव्याची वात बदलावी लागत नव्हती.

म्हणून डीटीपीवाल्यांनी आपल्यापुरता जो तोडगा काढला आहे तो कोणत्याही तज्ज्ञाच्या पुस्तकात नाही, पण मला तो सर्वांत व्यवहार्य वाटतो. खोलीत दोन यंत्रे. जुन्याची इंटरनेटची तार काढून टाकलेली, वायफायचा भाग उघडून बाजूला केलेला, त्यावर एक्सपी किंवा सातवी आवृत्ती, लॉक आणि वीस वर्षांचे दप्तर. त्याला बाहेरचे वारे लागत नाही, तेव्हा सुधारणांचा तगादाही नाही आणि विषाणूचे भयही बेताचे. शेजारी नवे यंत्र, युनिकोडचे, ईमेलने येणारा मजकूर घेण्यासाठी. दोघांमध्ये पेन ड्राइव्ह, तो प्रत्येक खेपेस तपासून. सणासुदीचे काम संपून लग्नसराई सुरू होईपर्यंत जे दिवस मोकळे मिळतात त्यांत जुन्या धारिका रूपांतरक सॉफ्टवेअरातून युनिकोडमध्ये आणण्याचे काम चालते. रूपांतरक बहुतेक अक्षरे बरोबर आणतो. रफार मात्र एखादे अक्षर आधी किंवा नंतर जाऊन बसतो, पहिली वेलांटी शेजारच्या जोडाक्षरावर चढते, आणि 'कार्यक्रम', 'सुपुत्र', 'कृपाभिलाषी' हे शब्द दर पत्रिकेत डोळ्यांनी पाहून दुरुस्त करावे लागतात. लॉक आणखी दोन-तीन पावसाळे टिकेल असा अदमास आहे. तोवर कोणत्या पतसंस्थेचा कोणत्या सालापर्यंतचा अहवाल हलवून झाला, याची नोंद यंत्राशेजारच्या एका शंभरपानी वहीत पेनाने केलेली असते.